विषय : जावयाचा आत्मा घरी नेणेबाबत

अंगात ड जीवनसत्त्व कमी असणं हे खरं तर ज्याचं त्याचं खासगी दुःख. पण माणूस नगरपालिकेत नोकरीला असला आणि घरात सासूबाई असल्या, की त्या दुःखाला आवक क्रमांक पडतो. माझ्या दुःखाचा क्रमांक होता ४४१७. तीन प्रती, दोन शिक्के आणि वर हिरव्या शाईत 'तातडीचे' असा शेरा. तातडीचं म्हणून तो कागद कुणी बाजूला ठेवला नाही, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

मी तेओफिलो वार्काया, लिमा शहरातल्या आमच्या भागाच्या नगरपालिकेत विवाह निबंधक. महापौरांना वेळ नसतो म्हणून त्यांच्या वतीनं छातीवर लाल-पांढरा पट्टा लावून लोकांची लग्नं लावायची, नवराबायकोच्या कर्तव्यांची कलमं खणखणीत आवाजात वाचायची आणि शेवटी दोघांना विचारायचं, की हे स्वखुशीनं ना? एकोणीस वर्षं हे काम मी केलं. माझा आवाज हीच माझी इस्टेट. बायकोशी, म्हणजे नेलिदाशी, भांडतानासुद्धा मी कलमं वाचल्यासारखा बोलतो अशी तिची तक्रार आहे, आणि ती मला मनातून आवडते.

तो आवाज चौदा जूनला गेला. एका टायरवाल्याचं लग्न होतं. मी नेहमीप्रमाणे वाचत होतो, "पतिपत्नीनं एकमेकांशी निष्ठा..." आणि छातीत एकदम धडधडायला लागलं. तळहात ओले झाले. पुढचा शब्द 'साहाय्य' आहे हे मला झोपेतही सांगता येईल, पण तोंडातून फुटेना. मी नुसता नवऱ्या मुलाकडे बघत राहिलो. सभागृहात अशी शांतता पसरली की मागच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या दाढेखालची पेपरमिंटची गोळी ऐकू येत होती.

नवरी मारिबेल हिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही 'निष्ठा'वरच का थांबलात? तुम्हाला काही माहीत आहे का?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण तो शहाणा नवरा पांढराफटक पडून म्हणाला, "कोण बोललं तुम्हाला?"

ते लग्न दोन तास उशिरा लागलं. टायरवाल्यानं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक लग्नात कुठेतरी धडधड व्हायची आणि मी खोकल्याचं निमित्त करून वेळ मारून न्यायचो. रात्री अंथरुणावर पडलं की उद्या कुठल्या शब्दावर अडकणार याची यादी डोक्यात चालायची.

जुलैच्या शेवटी खात्याच्या प्रमुख ओर्मेन्योबाईंनी मला बोलावलं. "वार्काया, ऑगस्टच्या तीस तारखेला सामुदायिक विवाह. बासष्ट जोडपी. चौकात, बँडसकट. तुम्ही ठीक आहात असं डॉक्टरचं पत्र आणा. नाहीतर पालोमिनो लावेल लग्नं."

पालोमिनो हा आमच्या खात्यातला एकोणतीस वर्षांचा मुलगा. कायद्याची पदवी, टोकदार बूट, आणि माझ्याशी बोलताना "तुमच्या काळात" असा शब्द वापरण्याची घाणेरडी सवय. सामुदायिक विवाह म्हणजे माझ्या वर्षाचा सण. बासष्ट जोडपी एका दमात "हो" म्हणतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, आणि हा काटा पालोमिनोच्या अंगावर यावा हे मला अजिबात मान्य नव्हतं. नेलिदापुढे मी हे फार हसत हसत सांगितलं. पण खरं सांगतो, मी आतून पार घाबरलो होतो.

पहिला सल्ला घरापासून चौदा पायऱ्यांवर राहत होता. आमच्या इमारतीचे अध्यक्ष सेगार्रा हे जकात खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या उघडून बघायची सवय, ती आता ते शेजाऱ्यांच्या तब्येतीवर भागवतात. ते म्हणाले, "शक्ती गेलीय तुमची. बेडकाचा रस घ्या." मंडईतल्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत बेडूक सोलला, त्यात माका नावाच्या डोंगरी कंदाची पूड, मध आणि लावीची अंडी घालून यंत्र फिरवलं. मी तो पेला प्यालो. शक्ती आली की नाही सांगता येत नाही, पण पुढचे दोन दिवस बेडकाची आठवण मात्र वारंवार वर येत होती.

मग मी गेलो डॉक्टर लासार्ते यांच्याकडे. तरुण बाई, पण नजर आमच्या लेखापरीक्षकाची. त्यांनी रक्त तपासायला लावलं. ड जीवनसत्त्व निघालं अकरा. निदान वीस तरी पाहिजे. बी-बारा तळाला. आणि कॉर्टिसोल मर्यादा ओलांडून चांगलंच वर.

"कॉर्टिसोल म्हणजे?" मी विचारलं.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. मागे कुत्रा लागला की त्या हे रसायन सोडतात, म्हणजे तुम्हाला पळता यावं. तुमच्या मागे कुत्रा नाहीये, तरी त्या सोडतायत."

"कुत्रा आहे," मी म्हणालो. "आमच्या गच्चीवर. दोन आहेत."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. "जीवनसत्त्वं कमी पडली की मेंदूची नि नसांची कामं अडतात. माणूस चिडचिडा होतो, घाबरतो, झोप जाते. झोप गेली की हे रसायन वाढतं, ते वाढलं की झोप जाते. सगळं याच्यामुळेच झालंय असं मी म्हणणार नाही, पण यानं भर नक्की घातलीय. पोटाच्या कुठल्या गोळ्या घेता का?"

"आम्लपित्ताच्या. नऊ वर्षं. रोज एक."

"कुणी दिल्या?"

मी सेगार्रांचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. त्या गोळ्यांमुळे बी-बारा अंगाला लागत नाही, हे नऊ वर्षांनी कळलं. थोडक्यात, ज्यानं माझी शक्ती घालवली त्यानंच ती परत आणायला मला बेडूक पाजला होता.

औषध मिळालं : ड जीवनसत्त्वाचे थेंब, बी-बाराची इंजेक्शनं, बोनितो मासा, कलेजी, आणि रोज दुपारी वीस मिनिटं ऊन. "आणि हे भरून यायला दोन-तीन महिने लागतात," डॉक्टर म्हणाल्या. माझ्या हातात चार आठवडे होते. मी त्यांना विनवून पाहिलं. "मग दुप्पट घेऊ का?" त्यावर त्यांनी नजरेनंच मला बाहेर काढलं.

लिमात ऑगस्ट म्हणजे ढगाळ हिवाळा, त्यात ऊन शोधणं हे काम निवृत्त माणसाचं आहे. तरी मी गच्चीवर जायचं ठरवलं. गच्चीची किल्ली सेगार्रांकडे. त्यांनी सांगितलं, की गच्ची कपडे वाळवण्यासाठी आणि कुत्र्यांसाठी आहे, औषधोपचारासाठी वापरायची तर समितीची बैठक घ्यावी लागेल. बैठक झाली. सहा जणांत तीन विरुद्ध तीन मतं पडली. शेवटी 'वार्काया यांनी कपडे वाळत घालण्याच्या मिषाने वर जावे' असा ठराव झाला. मी रोज दुपारी एकच बनियन घेऊन वर जायचो, दोरीवर घालायचो आणि बाजूला तोंड वर करून उभा राहायचो. वर नुसतं पांढरं आभाळ. बनियन तिसऱ्या दिवशीही ओलंच होतं. चौथ्या दिवशी ते कुत्र्यांनी नेलं.

दोन आठवड्यांनी कॉर्टिसोलची फेरतपासणी. सकाळी आठला, उपाशीपोटी आणि शांत मनानं, असं कागदावर छापलं होतं. मी शांत मनानं निघालो. पण आमची छोटी बस मागच्या बसशी शर्यत लावत होती आणि कंडक्टर दारात लटकून "दाब, दाब, दाब!" ओरडत होता. मी आठला पाच कमी असताना प्रयोगशाळेच्या दारात अक्षरशः फेकला गेलो. आकडा पहिल्यापेक्षा वर गेला. डॉक्टर म्हणाल्या, "हा तुमचा आकडा नाही, बसचा आहे. पुन्हा करू."

घरी सासूबाई वाट बघत होत्या. एउफ्रासियाबाई मूळच्या आयाकुचोकडच्या डोंगरातल्या, उंची चार फूट दहा इंच, आणि त्यांच्यापुढे आजवर कुणाची मात्रा चाललेली नाही. त्यांनी तो कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बाळा, याला धसका म्हणतात. तुझा आत्मा कुठेतरी घाबरून राहून गेलाय. थेंब कुणाला पाजतोस? घरात कुणी नाही."

"आई, रक्तात दिसलंय ते," नेलिदा म्हणाली.

"दिसणारच. घरचा मालक गेला की घरात धूळ साचते."

त्यांनी माझ्या अंगावरून कच्चं अंडं फिरवलं आणि पेल्यातल्या पाण्यात फोडलं. मला त्यात अंडं दिसलं. त्यांना त्यात एक लांब टेबल, एक झेंडा आणि भिंतीवर मिशीवाल्या माणसाचा फोटो दिसला. मी गारच पडलो, कारण ते आमचं विवाह सभागृह होतं. अर्थात त्या तिथं आमच्या मुलीच्या लग्नाला येऊन गेलेल्या होत्या, पण हे मला फार उशिरा सुचलं.

उपाय सोपा होता. अंगातला न धुतलेला सदरा घेऊन मंगळवारी किंवा शुक्रवारी त्या जागी जायचं, आत्म्याला नावानं हाक मारायची, सदऱ्यात घ्यायचं आणि मागे न बघता घरी आणायचं. मी स्पष्ट नाही म्हणालो. माझ्याच कार्यालयात, पालोमिनोच्या डोळ्यांसमोर? मला काही अब्रू आहे की नाही? सासूबाई "बरं" म्हणाल्या. त्या एवढ्या सहज "बरं" म्हणाल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी त्या माझा सदरा पिशवीत घालून एकट्याच नगरपालिकेच्या दारात गेल्या. पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम आहे? सासूबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या जावयाचा आत्मा आत राहिलाय. तो न्यायचाय."

पहारेकऱ्यानं नियमाप्रमाणे उत्तर दिलं. "आतलं काही बाहेर न्यायचं तर आवक खिडकीवर अर्ज द्या."

आवक खिडकीवर बसिलियो बसतो. बावीस वर्षांत त्यानं एकही अर्ज वाचलेला नाही, फक्त रकाने पूर्ण आहेत का बघतो. पुढचं संभाषण रांगेतल्या निदान पाच जणांनी मला वेगवेगळं ऐकवलं आहे.

"विषय?"

"जावयाचा आत्मा घरी नेणे."

"वस्तूशी नातं?"

"सासू."

"वस्तू कधीपासून इथं आहे?"

"चौदा जून."

"वस्तूच्या ओळखपत्राची प्रत?"

सासूबाईंनी माझ्या ओळखपत्राची प्रत दिली. रकाने पूर्ण होते. बसिलियोनं शिक्का मारला. एक प्रत सुरक्षा विभागाला, एक विधी विभागाला आणि एक आमच्या खात्याला.

आमच्या खात्यातली प्रत अर्थातच पालोमिनोच्या हातात पडली. त्यानं ती दोनदा वाचली, बुटांची टोकं जुळवली आणि ओर्मेन्योबाईंसमोर जाऊन अत्यंत काळजीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, मला वार्कायासाहेबांबद्दल आदरच आहे. पण कागदोपत्री पाहिलं तर चौदा जूनपासून त्यांच्यात आत्मा नाही. मग त्यानंतरची सदतीस लग्नं कायदेशीर आहेत का?"

हे वाक्य दुपारपर्यंत इमारतीबाहेर पडलं आणि संध्याकाळपर्यंत मंडईत पोचलं. सोमवारी सकाळी मी कामावर आलो तर जिन्यावर जोडप्यांची रांग. काही रडत होती, काही भांडत होती, आणि काही नवरे एकेकटेच आले होते, त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आशेचा मोठा सुंदर प्रकाश होता. एकानं माझ्या टेबलावर जिवंत कोंबडी ठेवली आणि कानाशी येऊन विचारलं, "साहेब, आमचं झालंच नाही ना?" मारिबेलही आली होती. "रद्द झालं असेल तर आत्ता सांगा. ही बातमी मला स्वतःच्या तोंडानं त्याला द्यायचीय." आणि तिच्या मागून तो टायरवाला काकुळतीनं, "साहेब, नाही ना झालं रद्द? मी तक्रार मागे घेतो, साहेब!"

मी सगळ्यांना सांगत होतो, की मंडळी, माझं फक्त जीवनसत्त्व कमी आहे. कुणी ऐकेना. जीवनसत्त्व कमी असलेल्या माणसानं लावलेलं लग्न टिकेल का, असा नवाच प्रश्न एका नवरीच्या मामानं काढला. त्या दिवशी माझं कॉर्टिसोल कुणी मोजलं नाही ते बरं.

तीन दिवसांनी विधी सल्लागारांचा अभिप्राय आला : 'विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्यास आत्मा असणे आवश्यक असल्याची तरतूद कायद्यात कोठेही आढळत नाही. सबब सर्व विवाह वैध.' मी तो तीनदा वाचला. यावर आनंद मानायचा की अपमान, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याच टपालात सासूबाईंच्या अर्जाचंही उत्तर होतं. वस्तू शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, पाऊण ते एक या वेळेत, पहारेकऱ्याच्या उपस्थितीत नेण्यास हरकत नाही.

शुक्रवारी मी टेबलावरून हललो नाही. पण विवाह सभागृह माझ्या खोलीला लागूनच आहे, आणि भिंत पालिकेनंच बांधलेली असल्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. आधी पहारेकऱ्याच्या किल्ल्या वाजल्या. मग सासूबाईंचा आवाज आला. मला वाटलं होतं त्या मंत्रबिंत्र म्हणतील. पण त्या अगदी साध्या आवाजात, अंगणातून पोराला जेवायला बोलवावं तशा म्हणत होत्या, "ये रे तेओफिलो. ये, राजा. इथं एकटा नको थांबू. चल, घरी जाऊ. कुणी रागावणार नाही तुला."

एकोणीस वर्षं त्या सभागृहात माझा आवाज घुमला. तिथं मला कुणी हाक मारली नव्हती. मी फायलीत तोंड घातलं आणि रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, समोर कोंबडीची पिसं पडलेली, आणि मी ढसाढसा रडलो. बाहेर पडताना पहारेकऱ्यानं वहीत 'सदरा एक' अशी नोंद करून सासूबाईंची सही घेतली. त्या रात्री तो सदरा अंगावर टाकून मी सलग सात तास झोपलो. थेंबांमुळे, कलेजीमुळे, गोळ्या बंद केल्यामुळे, की सदऱ्यामुळे, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "झोपलात ना? मग श्रेय कुणाला द्यायचं ते घरी ठरवा."

तिसऱ्या तपासणीला मी चालत गेलो. आकडा खाली आला होता, पण मर्यादेच्या जरासा वरच. डॉक्टरांनी पत्र लिहिलं : 'सुधारणा सुरू आहे. मधूनमधून धडधड होऊ शकते. काम करण्यास हरकत नाही.' आणि तोंडी म्हणाल्या, "भीती येईल. ती आली की लपवायला धावू नका, त्या धावण्यानंच ती वाढते."

ओर्मेन्योबाईंनी ते पत्र चष्मा वरखाली करत वाचलं. "म्हणजे तुम्ही बरे आहात की नाही?"

"काम करण्यास हरकत नाही, मॅडम."

"बरं. तुम्ही लावा. पण पालोमिनो शेजारी उभा राहील, पट्टा घेऊन. अडकलात की त्यानं पुढे व्हायचं."

तीस ऑगस्टला चौकात बासष्ट जोडपी उभी होती. भाड्याचे सूट, पांढरे झगे, काहींच्या कडेवर स्वतःचीच पोरं, आणि बारीक तुषार पडत असल्यामुळे सगळ्यांचे केस ओलसर. बँड थांबला. नेलिदा आणि सासूबाई पहिल्या रांगेच्या कडेला होत्या. माझ्या शेजारी पालोमिनो, हातावर इस्त्री केलेला पट्टा, बूट चकचकीत. मी कागद उघडला, मान वर केली, एकशे चोवीस चेहरे एकदम माझ्याकडे बघताना पाहिले, आणि छातीत ते सुरू झालं.

मी खोकून पाहिलं. ते थांबलं नाही. तळहात ओले, जीभ कोरडी, आणि कागदावरचा पहिला शब्द मला ओळखू येईना. अर्धं मिनिट गेलं असेल. चौकात कुजबुज सुरू झाली. पालोमिनोनं पट्टा खांद्यावर चढवला आणि एक पाऊल पुढे आला. एकोणीस वर्षांचा माझा सगळा रुबाब त्या एका पावलावर येऊन ठेपला होता. नेलिदानं तोंडावर हात धरला होता. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि पळण्यासाठी लागणारं रसायन अंगात भरपूर होतं.

मी माईकमध्ये म्हणालो, "मंडळी, एक मिनिट द्या. मला भीती वाटतेय."

हे मी आयुष्यात कुणापुढे बोललो नव्हतो, नेलिदापुढेसुद्धा. आणि आता ते चार कर्ण्यांतून अख्ख्या चौकाला ऐकू गेलं. पालोमिनो जागच्या जागी थबकला.

तिसऱ्या रांगेतून मापापेक्षा मोठा कोट घातलेला एक नवरा मुलगा ओरडला, "आम्हाला पण, साहेब!"

सगळा चौक हसला. साठीची एक नवरी म्हणाली, "मला तर पहाटेपासून उलटी होतेय!" दुसरा कुणी म्हणाला, "माझा हात बघा, कसा थरथरतोय!" आणि त्यानं हात खरंच वर केला. मग आणखी एकानं केला. बघता बघता पन्नासएक हात वर झाले, सगळे थरथरणारे. मी इतकी वर्षं यांच्यासमोर उभा होतो आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं, की या चौकात दरवर्षी सगळ्यात कमी घाबरलेला माणूस मीच असतो.

"मग काय करू या?" मी विचारलं. "थांबायचं का?"

"नाही!" बासष्ट जोडपी एका दमात म्हणाली.

पालोमिनोनं खांद्यावरचा पट्टा हळूच काढून हातावर घेतला. माझी छाती अजून धडधडत होती. मी कागद दोन्ही हातांत धरला. तो थरथरताना सगळ्यांना दिसत होता, आणि मी तसाच कलम पहिलं वाचायला घेतलं.